पंपावर आलेला आळ

तुळजापूरच्या घाटात गाडी पहिल्यांदा बंद पडली ती जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात. मागं टॉवेल-चादरीचे गठ्ठे भरलेले, वर ताडपत्री ओढून बांधलेली, आणि धाराशिवच्या दुकानदाराला दहाच्या आत माल पोचवतो म्हणून शब्द दिलेला. सोलापूर सोडल्यापासून तामलवाडीपर्यंत गाडी मस्त चालली. घाट लागला, तिसरा टाकला, आणि रेस देतोय तरी गाडी उचलेना. दुसऱ्यावर आणली, तरी तेच. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, दोन हिसके बसले आणि इंजिन गप्प झालं.

हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. परत मारला, परत तेच. बॅटरी बसायला नको म्हणून थांबलो. उसाच्या ट्रॉल्या हॉर्न देत बाजूनं निघून जात होत्या. दुकानदाराला फोन करून उशीर होतोय म्हणून सांगितलं, बॉनेट उघडून सगळीकडं नजर फिरवली. कुठं गळती नाही, धूर नाही, वास नाही. दहा-बारा मिनिटं गेली असतील. सहज म्हणून सेल्फ मारला, तर एका दमात चालू! धाराशिवपर्यंत आणि परत सोलापूरला काही झालंच नाही.

त्या आठवड्यात तीनदा असं झालं. मी तेव्हापासून एका वहीत लिहायला लागलो, कारण गॅरेजवाल्यापुढं उभं राहिलं की आपल्याला धड काही आठवत नाही. कधी बंद पडली, किती माल होता, टाकीत डिझेल किती होतं, किती वेळानं चालू झाली. रिकाम्या गाडीला कधीच त्रास नाही. होटगी रोड, अक्कलकोट रोड एमआयडीसी, मार्केट यार्ड असं गावातल्या गावात फिरलं तरी काही नाही. पुणे रोडला भरल्या गाडीनं ऐंशीच्या पुढं नेलं की मोहोळच्या आसपास दम खायची, पण वेग कमी केला की सावरायची. घाटात मात्र हमखास. आणि एक वेगळी गोष्ट होती ती म्हणजे सकाळची स्टार्टिंग. पूर्वी अर्ध्या सेल्फला पकडणारी गाडी आता सकाळी आठ-दहा सेकंद घ्यायची.

गाडी २०१८ ची, बीएस-४, चार सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन. हप्ते संपायला आलेले. ती उभी राहिली तर घर उभं राहतं, इतकं सरळ आहे.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र. कोड आला पी-००८७. रेलमधलं, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं प्रेशर कमी, असा त्याचा अर्थ. तिथल्या पोरानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली आणि म्हणाला, हाय प्रेशर पंप गेला. नवीन पंप ३८ हजार, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारी नोझल काढून तपासावे लागतील, त्यातलं एखादं-दुसरं खराब निघालं तर साठीच्या पुढं जाईल. आधी डिझेल फिल्टर बदलून बघू म्हणाला, तो बदलला. दुसऱ्या दिवशी घाटात गाडी परत बंद.

मी रात्रभर जागा होतो. साठ हजार कुठून आणायचे हा एक विचार, आणि त्याहून टोचणारा दुसरा: एवढे घालून गाडी परत घाटात थांबली तर? गावातल्या चढ-उतारावर नाही, आणि फक्त घाटातच दगा देणारा पंप असा कसा?

बाजारात कांद्याच्या गाड्या लावणाऱ्या एका मित्रानं अण्णांकडं जायला सांगितलं. जुन्या बोरामणी नाक्याच्या पुढं आत गल्लीत त्यांचं पत्र्याचं शेड आहे. वय साठीच्या पुढं. घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कलबुर्गी-विजापूरकडची गाडी आली की कन्नड. जुन्या डिझेल गाड्यांच्या लाइन पंप आणि रोटरी पंपावर हात बसलेला माणूस. जुन्या गाड्यांना एअर धरली, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरली, की पंपावरचा बोल्ट सैल करून फेस जाईपर्यंत प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल पुढं ढकलायचा छोटा पंप, मारायचा आणि नुसत्या आवाजावरून कुठलं नोझल मिस मारतंय ते सांगायचं, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. कॉमन रेल आलं तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या माणसानं स्कॅनर शिकून घेतला, हे मला फार मोठं वाटतं.

मी जाताच म्हणालो, "अण्णा, पंप बदलायचाय."

"कोण म्हणालं?"

"स्कॅनरवर आलंय."

"स्कॅनर पंप म्हणालाच नाही की. तो म्हणालाय प्रेशर नाही." त्यांनी हात पुसले. "तुझ्या घरात वरच्या टाकीत पाणी चढंना, तर लगेच मोटर बदलतोस का? आधी हौदात पाणी हाय का बघतोस की."

पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या शहरात राहणाऱ्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला लागत नाही. मी वही पुढं केली. त्यांनी चष्मा लावून पानं वाचली, दोनदा वाचली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दहा मिनिटांनी आपोआप चालू.

"हे लय कामाचं हाय," एवढंच म्हणाले.

इथं थोडं सांगतो, कारण हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माहीत असतं तर पहिल्या गॅरेजमध्ये मी गप्प उभा राहिलो नसतो. माझ्या गाडीत टाकीच्या आत इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्याच पाठीला एक छोटा गिअर पंप असतो, तो टाकीतून डिझेल ओढतो. टाकीतल्या जाळीतून नळीत, नळीतून चेसिसच्या कडेनं पुढं फिल्टरमध्ये, फिल्टरमधून पंपात. तिथून पुढं ते दाबून रेलमध्ये जातं, रेलमधून चारी नोझलना. उरलेलं परतीच्या नळीनं टाकीत येतं. रेलमधला दाब गाडी उभी असताना अडीचशे-तीनशे बार, आणि पूर्ण लोडवर हजाराच्या कितीतरी पुढं. भरल्या पिकअपच्या मागच्या चाकात हवा असते ती चार बारच्या आसपास, यावरून अंदाज करा. पण हाच पंप दाबायला जितका ताकदवान, तितकाच ओढायला कमजोर. ओढून ओढून तो हवेच्या एका दाबापेक्षा, म्हणजे साधारण एक बारपेक्षा, जास्त ओढूच शकत नाही. म्हणजे टाकी ते पंप या वाटेत जरा जरी अडथळा आला, जराशी हवा शिरली, तरी पुढचा सगळा जोर वाया. कॉम्प्युटरला मागचं काही दिसत नाही. त्याचा सेन्सर रेलवर बसलेला. त्यानं १२०० मागितले आणि ७०० मिळाले, की तो कोड टाकतो.

अण्णांनी सुरुवात केली ती फिल्टरच्या खालच्या नॉबपासून. काचेच्या बाटलीत पावशेरभर डिझेल सोडलं आणि बाटली भिंतीजवळ ठेवून दिली. पाणी असेल तर पंधरा-वीस मिनिटांत खाली बसतं, वर डिझेल, मध्ये स्पष्ट रेघ. आमच्या बाटलीत रेघ आली नाही.

मग त्यांनी विचारलं, जुना फिल्टर कुठाय? माझ्या वडिलांची सवय होती, कुठलाही पार्ट बदलला की जुना मागून घ्यायचा. त्यांनी टेम्पो चालवला, मी पिकअप चालवतो, सवय तीच. फिल्टर सीटमागं पिशवीत होता. अण्णांनी तो हॅक्सॉनं डब्यापासून कापला, आतला घडीघडीचा कागद उलगडला आणि पांढऱ्या ताटलीत ठेवून उन्हात धरला. बोटानं हळूहळू पुसत गेले. नंतर एका जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कापडात गुंडाळून त्यावरून फिरवलं. मी श्वास रोखून बघत होतो, कारण ते काय शोधत होते ते त्यांनी सांगितलं होतं. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याला वंगण डिझेलचंच. भेसळीचं डिझेल, रॉकेल, पाणी यानं ते वंगण जातं आणि पंप आतून स्वतःलाच खायला लागतो. त्याची बारीक धातूची पूड डिझेलमध्ये उतरते, उन्हात चमचम करते. ती दिसली की विषय संपला. नुसता पंप बदलून भागत नाही, रेल, नोझल, नळ्या, टाकी, सगळं धुवावं लागतं, नाहीतर ती पूड नवा पंपही खाते. गेल्या वर्षी एक गाडी अशी आली होती, म्हणाले, मालक रडला.

आमच्या कागदावर काळपट चिकट थर होता. चमक नव्हती. एक कणसुद्धा नाही.

अण्णांनी कागद माझ्या हातात दिला. "पंपानं अजून तरी काही कबूल केलेलं नाही."

मग स्कॅनर लावून चालू गाडीचे आकडे बघितले. कोड वाचण्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे आणि पहिल्या गॅरेजनं हेच केलं नव्हतं. मागणी किती आणि मिळतंय किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. जागेवर उभ्या गाडीत मागणी २८०, मिळतंय २७८, २८१, २७९. रेस दिली, आकडे बरोबरीनं वर गेले, बरोबरीनं खाली आले. किल्ली नुसती ऑन करून इंजिन बंद ठेवलं तेव्हा सेन्सरचं व्होल्टेज अर्धा व्होल्ट, म्हणजे सेन्सर शून्याला शून्यच सांगतोय.

पुढची पाळी नोझलची. नोझल आतून झिजलं की डिझेल सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी परतीच्या वाटेनं सुटतं, रेलमधलं प्रेशर टिकत नाही आणि आळ पंपावर येतो. चारी नोझलच्या परतीच्या नळ्या काढून त्यांना सलाइनच्या नळ्या जोडल्या, आणि त्यांची टोकं एकाच मापाच्या चार बाटल्यांत सोडली. इंजिन चालू करून घड्याळ लावलं. चार बाटल्यांत चार पिवळसर धारा पडत होत्या. ज्या बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरेल ते नोझल चोर. तीन मिनिटांनी इंजिन बंद करून बाटल्या ओळीनं फळीवर मांडल्या. उंची जवळजवळ सारखी.

याच वेळी एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी. अण्णांकडं कामाला असलेला पोऱ्या चालू इंजिनमध्ये वाकला आणि रेलच्या स्टीलच्या नळीला ओल दिसतेय का म्हणून बोट लावायला गेला. अण्णा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली. त्या नळीतून केसाएवढी धार जरी सुटली तरी ती कातडी फोडून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतसुद्धा नाही फारसं, आणि आत डिझेल पसरत जातं. बोट, हात जायची वेळ येते. असा ठिपका दिसला तर मलम लावून घरी बसायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. जुन्या गाड्यांत चालू इंजिनवर नोझलचा नट सैल करून बघायचे, ते इथं कधीच करायचं नाही. गळती बघायची तर इंजिन बंद करून, थांबून, मगच. आणि बघायला बोट वापरायचं नाही, पुठ्ठा वापरायचा.

संध्याकाळ व्हायला आली होती. अण्णांनी फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी रबरी नळी काढली आणि तिथं हातभर पारदर्शक नळी लावली. प्रायमर दाबून दाबून कडक केला, इंजिन चालू केलं. मी टॉर्च धरला. नळीतून सोनेरी डिझेल चाललेलं, स्वच्छ. रेस वाढवली. आणि मग दिसला, मोहरीएवढा एक बुडबुडा. सरकत आला आणि पंपात गेला. मागून दुसरा. मग चार-पाच एकदम.

"एअर घ्यालीय," अण्णा म्हणाले.

"पण कुठं गळत तर नाही."

"गळणार कसं? ही ओढायची बाजू हाय. हितं भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. खाली कोरडं दिसतंय म्हणून नळी चांगली, असं मी आठवडाभर धरून चाललो होतो.

ती चीर शोधायला तास लागला. टाकीकडून येणारी स्टीलची नळी चेसिसपाशी रबरी नळीला जोडते, तिथल्या क्लिपच्या अगदी आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी रबर तडकलं होतं. एका ब्रॅकेटवर घासून घासून. नळी वाकवली की चीर उघडायची, सोडली की मिटायची. रात्री उभी राहिली की तिथून हवा शिरून डिझेल मागं टाकीकडं उतरायचं, म्हणून सकाळी एवढा सेल्फ. नवी नळी टाकली, नव्या क्लिपा लावल्या, ब्रॅकेटवर रबराचा तुकडा बांधला. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं अर्ध्या सेल्फला पकडलं. मी घरी सांगून टाकलं, काम झालं, साठ हजार वाचले.

दोन दिवसांनी कांद्याच्या दीड टन गोण्या घेऊन घाटात गेलो आणि आधी बंद पडायची त्याच वळणाच्या जरा पुढं गाडी बंद पडली.

त्या दिवशी मला खरंच खचल्यासारखं झालं. दहा मिनिटं थांबलो, गाडी चालू झाली, माल टाकला आणि तसाच अण्णांकडं आलो. वाटत होतं की आता हेही म्हणतील, पंपच असेल. अण्णांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "दोन रोग होते. एक गेला. दुसरा घाटातच भेटणार, तर घाटातच जाऊ की."

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातून मुद्दाम माल भरून घेतला. अण्णा शेजारी, मांडीवर स्कॅनर. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी मोठ्यानं आकडे वाचायला सुरुवात केली. मागतोय अकराशे, देतोय अकराशे. मागतोय साडेबाराशे, देतोय बाराशे चाळीस. चढ वाढला. मागतोय साडेबाराशे, देतोय अकराशे. हजार. आठशे. सहाशे. दिवा लागला, हिसका बसला, गाडी थांबली.

मी दगड लावायला उतरलो तोवर अण्णा टाकीपाशी जाऊन पोचले होते. टाकीचं झाकण फिरवताना कान तिथं लावला. हवा आत शिरल्याचा फस्स आवाज आला असता तर टाकीचा श्वास कोंडलाय असं समजायचं. डिझेल कमी होतं तेवढी हवा आत यायला वाट लागते, ती बुजली तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढता येत नाही. आवाज आला नाही. तेही नाही. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि मला म्हणाले, "आता सांग. पंप गेला असता तर दहा मिनिटांत बरा कसा झाला असता? झिजलेलं लोखंड परत भरून येतं का?"

मी म्हणालो, गार झाल्यावर येत असेल. काही पंप गरम झाल्यावर दगा देतात हे खरंच आहे, त्यांनीही ते मान्य केलं. "म्हणून तर खात्री करायची. तर्कावर अडतीस हजार घालवायचे नाहीत."

खात्रीची पद्धत इतकी साधी होती की मला अजूनही तिचं कौतुक वाटतं. परत येऊन त्यांनी दहा लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, कापडातून गाळून डिझेल भरलं आणि केबिनच्या मागं बॉडीत दोरीनं घट्ट बांधला. केबिनमध्ये डिझेल ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. फिल्टरकडं येणारी टाकीची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि कॅनमधून नवी नळी फिल्टरला जोडली. परतीची नळीही कॅनमध्येच सोडली. गाडीची स्वतःची टाकी, जाळी, लांबलचक नळी हे सगळं आता वाटेतून बाजूला. राहिला फिल्टर, पंप, रेल आणि नोझल. बाकी गाडी तीच, माल तोच, घाट तोच.

घाट चढताना माझे हात स्टिअरिंगवर घामानं ओले झाले होते. अण्णा वाचत होते. साडेबाराशे मागतोय, बाराशे पंचेचाळीस देतोय. साडेबाराशे, बाराशे अठ्ठेचाळीस. वळण आलं. मी जाणूनबुजून तिसऱ्यावरच ठेवली, पाय खालपर्यंत दाबला. साडेबाराशे, साडेबाराशे. वळण मागं गेलं. वरपर्यंत एकदाही आकडा हलला नाही.

अण्णांनी स्कॅनर खाली ठेवला. "पंप सुटला," म्हणाले. एखादा निर्दोष सुटावा तसं. मला गळ्याशी दाटून आलं, खरं सांगतो.

टाकी उतरवायचं काम पुढच्या सकाळी. आधी डिझेल ड्रममध्ये काढून घेतलं. टाकीवरची माती, तेलकट चिखल घासून, हवा मारून स्वच्छ केला, कारण उघडताना एक खडा आत पडला तर नवाच त्रास. मग पट्टे सोडून टाकी खाली घेतली, वरचं युनिट फिरवून हळूहळू बाहेर ओढलं. त्याच्या बुडाला नळीच्या तोंडावर जाळी असते. जाळीवर काळा साका होता, पण जाळी बंद झालेली नव्हती. अण्णांनी बॅटरीचा टॉर्च टाकीत धरला आणि मला बघायला सांगितलं. उरलेल्या दोन बोटं डिझेलमध्ये काहीतरी हलत होतं, पानासारखं. तारेचा आकडा करून त्यांनी ते बाहेर काढलं.

पॉलिथिनचा तुकडा. तीन बोटं रुंद, डिझेलनं पिवळट पडलेला, मऊ. एका कडेला अर्धगोल वळ होता आणि त्या वळावर आट्यांचे ठसे. मी तो बघितला आणि ओळखला.

माझ्या गाडीत पाच लिटरचा एक कॅन असायचा, अडीअडचणीला. त्याचं झाकण गळायचं म्हणून मी झाकणाखाली पिशवी फाडून पॉलिथिन लावलं होतं. आपल्याकडं सगळेच लावतात. दिवाळीच्या सुमाराला मोहोळच्या अलीकडं रात्री डिझेल संपलं, अंधारात मी तो कॅन टाकीत उपडा केला. झाकण उघडताना पॉलिथिन फाटून त्याचा तुकडा कॅनच्या तोंडाशी राहिला असणार, आणि डिझेलबरोबर आत गेला. दोन महिने तो तिथंच होता.

अण्णांनी तुकडा जाळीवर ठेवून दाखवला. गाडी उभी असताना किंवा गावात फिरताना पंप थोडंच डिझेल ओढतो, तेवढ्या ओढीनं तुकडा हलत नाही. घाटात मागणी कित्येक पटींनी वाढते, ओढ वाढते, तुकडा जाळीकडं खेचला जातो आणि ओल्या कापडासारखा चिकटतो. डिझेल थांबतं, प्रेशर पडतं, इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे ओढही बंद. मग हळूहळू तो जाळीवरून सुटतो, बाजूला सरकतो. त्याला लागतात ती दहा मिनिटं.

वहीतल्या त्या एका ओळीवर अण्णांनी पहिल्याच दिवशी बोट का ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

टाकी आतून डिझेलनं दोनदा खंगाळली, जाळी ब्रशनं धुतली, युनिटचं रबर नवीन टाकलं. ड्रममधलं डिझेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून परत भरलं. प्रायमर कडक होईपर्यंत दाबला, पारदर्शक नळी तशीच ठेवून शेवटचं एकदा बुडबुडे बघितले आणि मग तिथं रबरी नळी बसवली. नळी, क्लिपा, रबर आणि चार दिवसांची मजुरी मिळून अण्णांनी २८०० रुपये घेतले. मी जास्त द्यायला लागलो तर घेतले नाहीत. पाच लिटरचा कॅन मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि घट्ट झाकणाचा दुसरा दिला.

शेवटची फेरी भरल्या गाडीनं केली. अण्णांना येण्याची गरज नव्हती, पण ते आले. स्कॅनर मांडीवर होता, आकडे वाचत होते, मागतोय तेवढं देतोय, मागतोय तेवढं देतोय. त्या वळणाच्या कडेला मी बाजूला सारून ठेवलेला दगड तसाच पडलेला दिसला. गाडी तिसऱ्यावर, एका लयीत चढत होती. घाटमाथा आल्यावर अण्णांनी वायर काढून स्कॅनर पिशवीत गुंडाळला, खिडकीची काच खाली घेतली आणि म्हणाले, "हितपर्यंत आलोयच तर आईचं दर्शन घेऊन जाऊ की."

मी गाडी देवळाच्या रस्त्याला वळवली.